एवढं सावकाश हात हलवून व्यायाम होतो? ताई ची नीट समजून घेऊया

चीनमधल्या बागांचे व्हिडिओ तुम्ही पण बघितले असतील. सकाळची वेळ, पन्नास-साठ जण ओळींमध्ये उभे, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, आणि सगळे मिळून इतक्या हळू हात फिरवतायत की व्हिडिओचा स्पीड कमी केलाय का अशी शंका यावी. मुलांकडे अमेरिकेला, कॅनडाला जाऊन आलेले आपले आई-बाबा पण सांगतात की तिथल्या सीनिअर सेंटरमध्ये योगाच्या क्लासशेजारीच ताई चीचा क्लास असतो, आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला, की घाम नाही, धाप नाही, याने होणार काय?

प्रश्न एकदम रास्त आहे. आणि त्याचं उत्तर ‘ऊर्जा’, ‘प्राचीन ज्ञान’ असल्या शब्दांच्या आड न जाता देता येतं, म्हणून हा लेख. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं (आपला योग त्याच यादीत २०१६ ला गेला), पण वारसा म्हणून ती मोठी आहे हे कळलं तरी ती करायची कशाला हे काही त्यातून कळत नाही.

आधी बेसिक: ताई ची म्हणजे काय

ताई ची ही मुळात चिनी मार्शल आर्ट आहे, पूर्ण नाव ताईचीच्वान. ठरलेल्या हालचाली एकामागून एक, मधे न थांबता, एकाच संथ लयीत करायच्या. या अख्ख्या साखळीला ‘फॉर्म’ म्हणतात, तेवढा एक शब्द लक्षात ठेवा. जगभर सगळ्यात जास्त केला जाणारा फॉर्म २४ हालचालींचा आहे, पाच-सहा मिनिटांत होतो. जुने लांब फॉर्म वीस-पंचवीस मिनिटं चालतात.

हालचालींची नावं फार सुंदर आहेत. पांढरा क्रौंच पंख पसरतो, रानघोड्याची आयाळ दुभागणे, माकडाला मागे हटवणे, ढगांसारखे हात, समुद्राच्या तळाशी सुई, सोनेरी कोंबडा एका पायावर. ही नावं लक्षात ठेवायला सोपी जावीत म्हणून तर आहेतच, पण प्रत्येकीत लढाईतला एक डावही आहे. रानघोड्याची आयाळ घ्या, त्यात एक हात खालून तिरका वर आणि बाहेर जातो, समोर माणूस असता तर तो हात त्याच्या काखेखाली शिरला असता आणि त्याचा तोल मागे गेला असता. बागेतल्या आजी करतात तेव्हा समोर कोणी नसतं, हालचाल मात्र तीच.

दोघांनी मिळून करायचा एक प्रकार पण असतो, पुश हँड्स. एकमेकांच्या मनगटाला मनगट लावून उभं राहायचं आणि समोरच्याचं वजन कुठे जातंय ते स्पर्शातून ओळखत त्याचा तोल घालवायचा. पंखा आणि तलवार घेऊन करायचे फॉर्म पण असतात, बागेत दिसणारे लाल पंखे त्यातलेच.

ही आली कुठून

लोककथेत ताई चीचा जनक म्हणजे वुडांग डोंगरावरचा झांग सानफेंग नावाचा साधू. कथा चांगली आहे पण इतिहासाचा धागा लागतो तो हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावात, म्हणजे चेन आडनावाच्या लोकांचं गाव, तिथे १७ व्या शतकात चेन वांगतिंग नावाच्या लढवय्याने घरातल्या पोरांना शिकवायला ही पद्धत बसवली असं मानतात. ती चेन शैली आजही बघितली तर आश्चर्य वाटेल, कारण तीत संथ भाग असतो तसे मधेच झटके असतात, पाय आपटणं असतं, उड्या असतात.

मग बाहेरचा एक माणूस तिथे आला, यांग लुचान (१७९९ ते १८७२). भिंतीआडून चोरून बघत शिकला अशी दंतकथा आहे, ती खरी असो नसो, पण चेन घराण्याबाहेरचा असून तो शिकला आणि पुढे बीजिंगला जाऊन राजघराण्यातल्या लोकांना शिकवू लागला हे महत्त्वाचं, कारण एका घराण्याची विद्या गावाच्या वेशीबाहेर पडली ती इथे. त्याचा नातू यांग चेंगफू याने उड्या आणि झटके काढून टाकले, हालचाली मोठ्या, मोकळ्या, एकसारख्या संथ केल्या, आणि १९२८ पासून शांघायमध्ये सामान्य लोकांना शिकवलं. आज आपण ज्याला ताई ची म्हणून ओळखतो ते रूप बरंचसं त्याचं आहे.

१९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीतून तो २४ हालचालींचा फॉर्म तयार केला, कारण कारखान्यातल्या, ऑफिसातल्या लोकांना पटकन शिकता येईल असं काहीतरी हवं होतं. म्हणजे जे आपण ‘हजारो वर्षांपूर्वीचं’ म्हणून फॉरवर्ड करतो तो फॉर्म आपल्याकडच्या बऱ्याच आजी-आजोबांपेक्षा वयाने लहान आहे. मला यात कमीपणा अजिबात वाटत नाही, उलट परंपरा जिवंत राहते ती अशीच, कोणीतरी ती सोपी करून चारचौघांच्या हातात देतं म्हणून.

मधे वाईट काळ पण आला. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (१९६६ ते १९७६) जुन्या विद्यांवर गदा आली, गुरूंचा छळ झाला. चेनजियागोऊमध्ये चेन झाओपी नावाचे वयस्कर गुरू १९५८ ला परत येऊन गावातल्या तरुण पोरांना शिकवत होते, त्यांनाही हे सगळं भोगावं लागलं, १९७२ ला ते गेले, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेले चार शिष्य पुढे जगभर फिरून शिकवू लागले. ती चार पोरं तयार झाली नसती तर गावाची मूळ शैली बहुधा पुस्तकापुरती उरली असती. पुढे १९७८ मध्ये चीनचे बडे नेते देंग शियाओपिंग यांनी जपानी पाहुण्यांसाठी स्वतःच्या अक्षरात ‘ताईचीच्वान चांगली आहे’ असं लिहून दिलं, आता ताई ची परत उघडपणे करायला हरकत नाही हा त्याचा अर्थ चीनमध्ये सगळ्यांना बरोबर कळला.

पण एवढं सावकाश कशासाठी?

आता मुख्य मुद्दा. ताई चीमध्ये हात दिसतात पण काम पाय करतात. तिथल्या शिक्षकांच्या तोंडी सतत दोन शब्द असतात, रिकामा पाय आणि भरलेला पाय. ज्या पायावर वजन आहे तो भरलेला, ज्यावर नाही तो रिकामा, आणि पूर्ण फॉर्मभर वजन एका पायातून दुसऱ्यात ओतत राहायचं, दोन्हीवर अर्धं-अर्धं ठेवून नुसतं उभं राहायचं नाही.

एक पाऊल जवळून बघू. गुडघे थोडे वाकलेले, सगळं वजन उजव्या पायावर. डावा पाय उचलून पुढे ठेवायचा, पण फक्त टाच टेकवायची, बोटं वर, आणि त्यात अजून वजन शून्य. इतकं शून्य की मनात आलं तर तो पाय तसाच मागे घेता आला पाहिजे. मग हळूहळू तळवा टेकतो, वजन सरकतं, डावा गुडघा पुढे येतो, मागचा पाय रिकामा होतो, कंबर वळते आणि कंबरेबरोबर हात. याला चार-पाच सेकंद लागतात आणि एवढा वेळ अख्खं शरीर वाकलेल्या एका पायाच्या मांडीवर असतं. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलंय आणि खाली खड्डा आहे की उघडं गटार ते दिसत नाही, तेव्हा आपण कसे आधी पायाने चाचपतो आणि खात्री झाल्यावरच वजन टाकतो, अगदी तसंच. फरक एवढाच की इथे ते प्रत्येक पावलाला, पुढे जाताना, मागे येताना आणि बाजूला सरकताना करायचं असतं.

म्हणूनच वेग कमी. भरभर चाललं तर पुढे जायच्या जोरावर आपण छोट्या चुका झाकून नेतो, तोल जाईपर्यंत पुढचं पाऊल पडलेलं असतं. सावकाश केलं की झाकायला काही उरत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याच्या मांड्या दोन-तीन मिनिटांत थरथरायला लागतात, आणि ‘याने काय होणार’ हा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो.

यात अजून एक गोष्ट तयार होते, ती म्हणजे डोळ्यांनी न बघता आपला पाय कुठे आहे, किती वळलाय, किती वजन घेतोय हे कळणं. वय वाढलं, डायबिटीस असला की ही जाणीव कमी होते, म्हणून माणूस पायाकडे बघत चालायला लागतो.

पडण्याची गोष्ट आपण फार हलक्यात घेतो

आपल्याकडे ‘आजी बाथरूममध्ये पडल्या’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की त्यात नशिबाचा भाग आहे असंच धरून चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे दगावतात, अपघाती मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल हेच कारण. आणि जी वाचतात त्यातली कितीतरी खुब्याचं हाड मोडल्यावर परत पहिल्यासारखी चालत नाहीत, नंतर भीतीने घराबाहेर पडत नाहीत, न हलल्याने पाय अजून कमजोर होतात आणि परत पडतात.

ती पडतात कशी यावर कॅनडातला एक अभ्यास २०१३ ला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. वृद्धांच्या दोन निवासी केंद्रांमधल्या कॅमेऱ्यांत टिपलेल्या २२७ पडण्याच्या घटना संशोधकांनी बघितल्या. घसरून पडणारे फार थोडे निघाले. सगळ्यात मोठं कारण, साधारण ४१ टक्के वेळा, वजन चुकीच्या पद्धतीने सरकणं हे होतं. म्हणजे रिकामा पाय आणि भरलेला पाय यांचा गोंधळ, जो ताई चीत रोज सोडवला जातो.

रिसर्च काय म्हणतो, आणि काय म्हणत नाही

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) १९५ रुग्णांचे तीन गट केले, एकाला ताई ची, एकाला वजनं वापरून व्यायाम, एकाला स्ट्रेचिंग. सगळ्यांना आठवड्यातून दोनदा एकेक तास, २४ आठवडे. तोल सांभाळण्यात ताई चीचा गट बाकी दोन्ही गटांपेक्षा पुढे निघाला आणि स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा पडला कमी. पण पडण्याच्या बाबतीत वजनांचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ठळक फरक दिसला नाही, हेही तितकंच सांगितलं पाहिजे.

२०१६ मध्ये बोस्टनला गुडघ्याच्या संधिवाताचे २०४ रुग्ण घेऊन ताई ची आणि फिजिओथेरपी यांची तुलना झाली, १२ आठवड्यांनी दुखणं दोन्हीकडे जवळपास सारखंच कमी झालेलं. आणि २०१९ मध्ये कॉक्रेनने (वेगवेगळे अभ्यास एकत्र करून तपासणारी ही संस्था) मांडलं की ताई ची करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडणाऱ्यांची संख्या साधारण २० टक्क्यांनी कमी होते. तोलाचे इतर व्यायामही जवळपास तेवढाच फायदा देतात असंही त्याच आढाव्यात आहे.

म्हणजे ताई ची हा एकमेव मार्ग आहे असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही, आणि कॅन्सर बरा होतो, डायबिटीसच्या गोळ्या सुटतात असं सांगत असेल तर सरळ उठून यावं. तोल, पायाची ताकद, गुडघ्याचं दुखणं, इथे आधार पक्का आहे, आणि एका वयानंतर एवढं मिळणं हे पण खूप मोठं आहे.

मग ते ‘ची’, ऊर्जा वगैरे?

‘ची’ म्हणजे शरीरात वाहणारी प्राणशक्ती अशी चिनी वैद्यकात कल्पना आहे, आपल्याकडच्या प्राणासारखीच. शिक्षक शिकवताना ती भाषा वापरतात आणि परंपरेचा भाग म्हणून तिचा मान ठेवावा, शिवाय ‘खांदे सोडा, श्वास पोटात उतरू द्या’ हे शिकवायला ती भाषा उपयोगी पण पडते. पण ती मानल्याशिवाय व्यायामाचा फायदा होत नाही असं काही नाही. वरच्या अभ्यासांमध्ये मोजलं ते पाऊल किती लांब पडतं, हात पुढे किती पोचतो, माणूस किती वेळा पडतो हेच.

धर्माची शंका पण येते. ताओ या जुन्या चिनी विचारधारेची छाप ताई चीवर नक्की आहे, यिन-यांगचं ते काळं-पांढरं वर्तुळ तिथलंच. पण फॉर्ममध्ये प्रार्थना नाही, मंत्र नाही.

याने मारामारी करता येते का?

२०१७ मध्ये चेंगडूला एका ताई ची मास्तरांची शू शियाओदोंग या एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) लढवय्याशी लढत झाली आणि मास्तर काही सेकंदांत आडवे झाले, व्हिडिओ जगभर फिरला. त्यावरून ‘सगळं थोतांड’ असा निष्कर्ष बऱ्याच जणांनी काढला. मला तो घाईचा वाटतो. जोर लावून प्रत्यक्ष लढण्याचा सराव केल्याशिवाय कोणतीच कला लढाईत चालत नाही, आणि बागेतली ताई ची त्यासाठी केलीच जात नाही. स्वसंरक्षण हवं असेल तर ज्युदो, बॉक्सिंग शिका.

बागेतच का, आणि सगळ्यांनी मिळूनच का?

माझ्या मते ताई चीमधली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ही आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

बीजिंगमधलं तियानतान, म्हणजे १४२० साली बांधलेलं स्वर्गमंदिर, त्याभोवती मोठी बाग आहे. सकाळी तिथे पर्यटकांच्या आधी आसपासचे रहिवासी पोचलेले असतात. झाडाच्या फांदीला पिशवी आणि जाकीट अडकवायचं, चहाचा थर्मास बुंध्याशी ठेवायचा, छोटा स्पीकर लावायचा की झाला क्लास सुरू. एका कोपऱ्यात ताई ची, पलीकडे स्पीकर लावून सामूहिक नाच, कुठे गाणी, लांब ओसरीत पत्त्यांचे डाव. नवा माणूस आला तर ओळीच्या शेवटी उभा राहून बघून बघून करायला लागतो.

उभं राहण्यात पण एक जुनी समज आहे. जाणकार माणसं चार कोपऱ्यांवर आणि नवशिके मधे. कारण फॉर्ममध्ये तोंड सतत फिरतं, आत्ता समोर होतं ते दोन हालचालींनी पाठीमागे जातं, मग नवशिक्या कुठेही वळला तरी त्याच्या नजरेसमोर कोणीतरी बरोबर करणारा असलाच पाहिजे. किती साधी व्यवस्था आहे, आणि नवीन माणसाची किती काळजी घेतलेली आहे तिच्यात.

एवढी माणसं सकाळी मोकळी कशी, याचं पण कारण आहे. चीनमध्ये १९५० च्या दशकापासून निवृत्तीचं वय पुरुषांना ६०, ऑफिसातल्या बायकांना ५५ आणि कारखान्यातल्या बायकांना ५० असं होतं, ते २०२५ पासून हळूहळू वाढवायला घेतलंय. म्हणजे पन्नाशीत, अंगात बळ असताना लाखो बायका निवृत्त झाल्या, मुलं मोठी, घरं लहान, आणि बाग चालत जाण्याच्या अंतरावर. बागा भरल्या त्यात नवल नाही.

आता कोणी म्हणेल की फायदा मग ताई चीचा का नुसता माणसांत मिसळण्याचा? चांगली शंका आहे. ओरेगॉनच्या अभ्यासात स्ट्रेचिंगवाला गट पण तितक्याच वेळा, तसाच एकत्र जमत होता, तरी तोलात फरक पडला, म्हणजे हालचालीचं स्वतःचं काम आहेच. पण हालचाल कितीही चांगली असली तरी ती महिनोन् महिने केली तरच उपयोग, आणि ते ग्रुपमुळे होतं. दोन दिवस दिसला नाहीत की शेजारी उभा राहणारा विचारतो, बरं आहे ना? घरी एकट्याने मोबाईल समोर ठेवून केलं तर असं कोणी विचारत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाहीये. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला आणि तो जगभर गेला, तोही याच बळावर, की ठरलेली जागा, ठरलेली वेळ, फी नाही, आणि कोणीही येऊन उभं राहू शकतं. म्हणून मला मनापासून वाटतं की ज्येष्ठ नागरिक संघांनी चीनच्या बागांकडून हालचालींइतकीच ही उभं राहण्याची पद्धत पण उचलावी, मग करायचं ते ताई ची असो नाहीतर दुसरं काही.

आपल्याकडे योग असताना हे कशाला?

तुम्ही योग नियमित करत असाल तर तो सोडून हे करायची काही गरज नाही. वृक्षासन, वीरभद्रासन यांनी पण तोल सुधारतो. फरक असा की आसनात आपण बहुतेक वेळा एका स्थितीत जाऊन थांबतो, ताई चीत सगळी मेहनत एका स्थितीतून दुसरीत जाण्याच्या वाटेवर असते. शिवाय जमिनीवर बसायला-उठायला लागत नाही, मॅट लागत नाही, रोजच्या कपड्यांत होतं. ज्यांना गुडघ्यांमुळे खाली बसताच येत नाही त्यांच्यासाठी हा मोठाच दिलासा आहे. उभं राहणं पण जड जात असेल तर खुर्चीत बसून करायचे प्रकार आहेत.

सुरू करायचं असेल तर

शिक्षक मिळाला तर उत्तम, कारण पायाचा कोन व्हिडिओतून कळत नाही आणि गुडघे दुखावतात ते नेमके तिथेच. बोटं ज्या दिशेला, गुडघा त्याच दिशेला, आत कलू द्यायचा नाही आणि बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. वळायचं असेल तर आधी त्या पायावरचं वजन काढून मग पाय वळवायचा, भरलेला पाय जमिनीवर घासत वळवला की सगळा पीळ गुडघ्यात जातो. पहिल्याच दिवशी खूप खाली बसायचा प्रयत्न करू नका, उंच उभं राहून केलं तरी चालतं. चपला नकोत, पातळ सपाट तळव्याचे बूट बरे. चक्कर येत असेल, हाडं ठिसूळ झाली असतील किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शिक्षक मिळेपर्यंत एवढंच करून बघा. भिंतीजवळ किंवा जड खुर्चीला हात पोचेल असं उभं राहा, दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे जरा सैल. सगळं वजन सावकाश एका पायात न्या, दुसरा इतका रिकामा होऊ द्या की टाच आपोआप सुटेल, मग तसंच परत. एका बाजूला जाताना पाच-सहा सेकंद लावा. एक बाजू जास्त डळमळते, बहुतेकांची डळमळते, त्या बाजूला दोन मिनिटं जास्त द्या.